लोकांच्या हातात माईक

आमच्या मावशीला सगळे 'भोंगेवाली' म्हणायचे. सभांना लाउडस्पीकर पुरवायचा तिचा धंदा. टेम्पो स्वतः चालवायची, खांबावर चढून कर्णेही स्वतःच बांधायची. आमच्याकडे निवडणूक म्हणजे नुसता दणदणाट! साहेब उशिरा येणार, गळ्यात हार पडणार, साहेब गरजणार आणि धुरळा उडवत निघून जाणार. लोकांनी टाळ्या पिटायच्या, बस्स.

नदीपलीकडे दुसरा देश. निवडणुका तिथेही होतात. मावशीची धाकटी बहीण तिकडे दिलेली. तिने एकदा तिथल्या सभेचं काम मिळवून दिलं. मावशी टेम्पोभर कर्णे घेऊन पूल ओलांडून गेली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये. कर्णे बघून मुख्याध्यापिका हसायलाच लागल्या. "अहो, एवढे कशाला? एक माईक उमेदवारांना, एक लोकांना."

"लोकांना? लोक काय बोलणार?"

"प्रश्न विचारणार!"

आणि खरंच की! एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन उमेदवार एकाच टेबलाशी बसलेले. एका बेकरीवाल्याने सत्तेतल्या बाईंना सरळ विचारलं, "दवाखाना का बंद केलात?" बाई म्हणाल्या, "चुकलंच आमचं. निर्णय माझा होता." कोणी हुर्यो केली नाही. मावशीच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

बाहेर पडल्यावर बहीण म्हणाली, "पण ताई, इथे तुमच्यासारखी मजा नाही गं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तुमच्याकडे कशी माणसं लोटतात!"

"मग त्या लोटलेल्या माणसांना माईक दिला तर?" मावशी बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

परत आल्यावर साहेबांच्या पुढच्याच सभेत तिने लांब वायर सोडून एक माईक बायकांच्या रांगेत नेला. भाषण संपलं, साहेब उठले, तेवढ्यात भोंग्यातून शिंपीणबाईंचा आवाज घुमला, "साहेब, आमच्या गल्लीत पाणी कधी येणार?"

साहेब पायऱ्या उतरायला लागले. मग मागून कोणीतरी ओरडलं, "बोला साहेब!" पाठोपाठ सगळेच ओरडायला लागले. साहेबांना कपाळावरचा घाम पुसत परत माईकपाशी यावं लागलं. "बघतो," एवढंच म्हणाले.

मावशीचं साहेबांकडचं काम अर्थातच गेलं. विरोधकांनी तिला हौसेने बोलावलं, म्हणाले, "शाब्बास! खरी वाघीण!" तिने त्यांच्याही सभेत लोकांना माईक दिला, तेव्हा तेही फुरंगटले. टेम्पो दारात उभा राहिला. मावशी दिवसभर तारा गुंडाळत बसायची, चिडचिड करायची.

शेवटी गल्लीनेच सभा ठेवली आणि दोन्ही उमेदवारांना बोलावलं. एक येतोय म्हटल्यावर दुसऱ्याला यावंच लागलं. गर्दी तर अशी, की माणसं झाडांवर चढली! इथे कुठली शिस्त? तिघं एकदम विचारतायत, माईकची ओढाओढ चाललीय, घोषणाही चालूच. आणि त्या गोंधळात दोघे शेजारी बसून चक्क उत्तरं देतायत!

पूल ओलांडून सभा बघायला आलेली बहीण खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "ताई, आवाज वाढव! मागे ऐकू येत नाही!"

मावशीने बटण पूर्ण फिरवलं.