लेबर डेचा केक आणि ओवशाची सुपं

आमच्या केटरिंग कंपनीच्या किचनला वर्षातून दोन कामगार दिन असतात, आणि दोन्ही दिवशी किचनची सुट्टी रद्द होते.

पहिला एक मेचा. बहारीनमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. पण महाराष्ट्र दिनही त्याच तारखेला येतो, म्हणून इथली मराठी माणसं हॉल घेतात, फेटे बांधतात, एसीत लेझीम खेळतात, आणि त्यांची कोथिंबीर वडी आम्ही तळतो. आमचे मॅनेजर पहिल्या रांगेत असतात. या वर्षी त्यांनी माइकवरून गडांना वंदन केलं, सह्याद्रीला केलं, समुद्रालाही केलं. ज्यांच्या नावाने ती सुट्टी आहे ते मागच्या दाराशी तेलाचे डबे उतरवत होते. त्यांना वंदन करायचं राहून गेलं.

दुसरा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा. हा अमेरिकेचा. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाचं, म्हणजे एका अमेरिकन कंपनीचं इथलं ऑफिस त्या दिवशी बंद असतं. त्यांची माणसं सखीरकडच्या एका फार्महाऊसवर बायका-मुलांसह जमतात, हॉलमध्ये गाणी लावतात, आणि बाहेर आमची माणसं निखाऱ्यांवर त्यांच्यासाठी मांस भाजतात. श्रमाचा गौरव म्हणून.

रिफा शहरातल्या आमच्या ऑफिसात माझं काम म्हणजे गिऱ्हाइकांना पत्रं लिहायची, मेन्यू लिहायचे आणि कार्यक्रमांचे बोर्ड तयार करायचे. मॅनेजरनी मला बोलावलं आणि म्हणाले, "अगं, त्यांना हॉलमध्ये बोर्ड हवेत. अमेरिकन कामगारांचा इतिहास. तुला असलं येतं ना? तुझे वडील त्या लाइनमधले."

माझे वडील त्या लाइनमधले म्हणजे खोपोलीच्या एका कारखान्यात युनियनचे सेक्रेटरी होते. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. आमच्याकडे 'कामगार बंधूंनो' असं ठळक टायपात छापलेले गठ्ठे यायचे, आणि त्यांच्या घड्या घालायचं काम आईचं आणि माझं. बंधूंनी वाचायचं, आम्ही दुमडायचं. 'भगिनींनो' हा शब्द फार उशिरा आला, तोही आईने घड्या घालायला नकार दिल्यावर. पण त्या कागदांमुळे शाळेतल्या पुस्तकाआधी मला शिकागो माहीत होतं.

म्हणून मी बोर्ड मनापासून लिहिले. लिहिलं की शिकागोच्या मजुरांनी आठ तासांचा दिवस मागितला तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालल्या, पुढाऱ्यांना फाशी झाली, आणि त्यांच्या आठवणीसाठी जगाने मेचा पहिला दिवस धरला. तो दिवस धरायला कचरली ती अमेरिकाच. तिने सप्टेंबर घेतला. ज्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने ही सुट्टी दिली त्याच उन्हाळ्यात संपावरच्या रेल्वे कामगारांवर सैन्यही पाठवलं. आणि एक गोष्ट मी मोठ्या अक्षरांत लिहिली, कारण मला ती फार आवडते: सप्टेंबरातली ती पहिली सुट्टी कोणी दिलीच नव्हती. न्यूयॉर्कच्या मजुरांनी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडलं, रस्त्यावर आले आणि ती घेतली.

मॅनेजरनी बोर्ड वाचले. फाशी काढली, सैन्य काढलं. "फॅमिली इव्हेंट आहे," म्हणाले. न्यूयॉर्कचं वाक्य तर आधी काढलं. उरलं काय, तर हातोडा घेतलेल्या हसऱ्या माणसाचं चित्र आणि खाली 'थँक यू'.

"बघ, किती स्वच्छ झालं," ते म्हणाले.

त्याच दुपारी किचनच्या दारावर नोटीस लागली: सोमवारी सगळे हजर, रजा नाही, बदली नाही.

ही बदली काय ते सांगायला हवं. आमच्या किचनमध्ये अर्धी माणसं कोकणातली हिंदू, अर्धी रायगड-रत्नागिरीकडची मुसलमान. ईदला मुसलमान सुट्टी घेतात आणि त्यांची कामं हिंदू ओढतात. गणपती-गौरीला उलट. ही वहिवाट मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीची. ती कुठे लिहिलेली नाही, तिच्यासाठी कोणी मोर्चा काढलेला नाही, आणि आजवर कुठल्याच मॅनेजरने तिला हात लावला नव्हता.

या वर्षी लेबर डेच्याच सोमवारी गौरीपूजन होतं.

ग्रिलवर आमचे मामा असतात. गुहागरकडचे, पांढऱ्या मिशांचे, किचनमधले सगळ्यात जुने. त्यांची मुलगी मागच्या वर्षी लग्न होऊन इथेच आली. जावई विमानतळावर सामान चढवतो, दोघं मुहर्रकला एका खोलीत राहतात. त्या खोलीत तिने गौर आणली होती, आणि सोमवारी तिचा पहिला ओवसा होता. नवी सून पहिल्यांदा गौरीपुढे सुपं पुजते, मग ती वडीलधाऱ्यांच्या हातात देते. सुपं माहेराहून यावी लागतात. आणि हे दर वर्षी होत नाही, नक्षत्र जुळावं लागतं. चुकलं तर पोरीने पुढच्या योगाची वाट बघायची. माहेर म्हणून बहारीनमध्ये तिचे एवढे बापच. रजेवरून परतणाऱ्या एका माणसाने चिपळूणहून पाच बांबूची सुपं सांभाळून आणली होती. मामांनी ती कामगारांच्या कॅम्पातल्या आपल्या कॉटखाली चादरीत गुंडाळून ठेवली होती.

मी मॅनेजरकडे गेले. "सर, लेबर डेला आपण लेबरचीच सुट्टी रद्द करतोय."

"अगं, तो त्यांचा लेबर डे. आपला झाला ना एक मेला."

"एक मेला किचन चालू होतं, सर."

"ते महाराष्ट्र दिनामुळे."

हे उत्तर त्यांनी अगदी शांतपणे दिलं. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "मामांना सांग, गौर काय, पुढच्या वर्षी पण येते. आमच्याकडे पण असते. मी व्हिडिओ कॉलवर नमस्कार करतो." ज्यांच्या घरी गौरीचं सगळं बायका करतात, त्यांना गौर व्हिडिओ कॉलवर भागते.

मी किचनमध्ये आले आणि वडिलांच्या आवाजात बोलायला लागले. म्हटलं, सगळे मिळून जाऊ. सगळ्यांनी एकदम नाही म्हटलं तर एवढ्या जणांना ते काय करणार?

मामा कोंबडीला मसाला चोळत होते. मान वर न करता म्हणाले, "यांचा काय करतील ता म्हायत नाय. माझा व्हिसा जाईल. मग लेकीला सुपं काय विमानातनं टाकू?"

चाचा हसले. चाचा म्हसळ्याचे, ग्रिलवर मामांचे जोडीदार. दोघं इतकी वर्षं एका धुरात उभे आहेत की एकाला खोकला आला तर पाणी दुसरा पितो. "पोरी, तुझ्या बापाची पत्रकं चांगली असणार," चाचा म्हणाले. "आमच्या गावात पण यायची. भजी बांधायला एकदम फर्स्ट क्लास कागद."

मला राग आला. मला वाटलं, ही माणसं लढतच नाहीत म्हणून कोणीही येऊन यांच्यावर हातोड्याचं चित्र लावून जातं. मी तसं बोललेही. चाचांनी फक्त विचारलं, "म्हाताऱ्या, सुपं ओली झाली तर चालतात?"

"थोडी चालतात," मामा म्हणाले.

"बस. मग खलास."

उन्हाळ्यात इथे भर दुपारी उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते. सोमवारी चार वाजता ती उठली त्या मिनिटाला मॅनेजरनी निखारे पेटवायला सांगितले. कायदा पाळल्याचा त्यांना अभिमान होता. बाहेर हवा भट्टीसारखी, त्यात खरी भट्टी. आत हॉलमध्ये पाहुण्यांच्या मुलांना थंडी वाजत होती म्हणून एकीने एसी कमी करायला लावला. भिंतीवर माझे स्वच्छ केलेले बोर्ड. एकही माणूस ते वाचत नव्हता. एका बाईने हातोडेवाल्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

मामा ग्रिलवर होते. पहिला घाणा गेला, दुसरा गेला. मग बर्फ संपला. बर्फ इतक्या लवकर कसा संपला हे मॅनेजरना कळलं नाही. मला कळलं, कारण मागच्या गटारात तो वितळत पडलेला मी पाहिला होता. बर्फ आणायला गाडी निघाली. ड्रायव्हरशेजारी कोण बसलंय ते मी बघितलं नाही, आणि मागे रिकाम्या गोण्यांवर चादरीचं गाठोडं होतं तेही बघितलं नाही.

अमेरिकन कंपनीच्या साहेबांचं भाषण सुरू झालं. उंच माणूस, बाह्या दुमडलेल्या, चेहरा भला. त्यांचे आजोबा कोळशाच्या खाणीत होते. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा खाणीत होते यावर माझा विश्वास आहे. पण आजोबांच्या घामाने डोळे पाणावणं सोपं असतं, तो कधीच वाळलेला असतो. काचेपलीकडे चाचा दोन माणसांचा ग्रिल एकटे ओढत होते. तो घाम ओला होता आणि त्याला वास येत होता.

मग आमच्या मॅनेजरना सुचलं. त्यांना नेहमी नको तेव्हाच सुचतं. माइक घेऊन त्यांनी इंग्रजीत जाहीर केलं की आजचा केक आमच्या किचनमधले सगळ्यात जुने कामगार कापतील. साहेबांना ही कल्पना फार आवडली. केकवर झेंडा, झेंड्यावर सुरी, आणि सगळे काचेच्या दाराकडे बघायला लागले.

चाचा आत आले. एकटे. अॅप्रनला हात पुसत.

मॅनेजर हसऱ्या चेहऱ्याने दातांआडून मराठीत म्हणाले, "मामा कुठायत?"

चाचांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. साहेबांकडे वळून अदबीने म्हणाले, "सर, ही इज गॉन फॉर प्रेयर."

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "ऑफ कोर्स," म्हणाले. "ऑफ कोर्स. वी कॅन वेट."

"लाँग प्रेयर, सर," चाचा म्हणाले. "ही इज ओल्ड मॅन."

मॅनेजरचा चेहरा मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. मामा नमाजाला जात नाहीत हे त्यांना माहीत होतं. पण ते सांगायचं कसं? सांगितलं तर माणूस कुठे गेला ते सांगावं लागणार, का गेला ते सांगावं लागणार, आणि त्याची सुट्टी कोणी रद्द केली तेही. ज्या माणसाला कामगार दिनाच्या दिवशी कामगार म्हणून सुट्टी मिळत नव्हती, त्याला देवाच्या नावाने हॉलभर माणसं वाट मोकळी करून देत होती. आणि साहेबांना वाटत होतं की आपण मोठ्या मनाचे आहोत.

शेवटी केक मॅनेजरनीच कापला. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, श्रमिकांचे प्रतिनिधी म्हणून फोटो निघाला, टाळ्या वाजल्या. ज्या माणसाने आजवर एक ट्रे उचललेला नाही तो झेंड्याचा तुकडा तोंडात घालून घेत होता. माझे बोर्ड मागे दिसतात त्या फोटोत. तो आता आमच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे.

दुसऱ्या दिवशी मामा वेळेवर आले. अंगाला धूप आणि कोळसा दोन्हींचा वास. पोरगी दारात उभी होती, म्हणाले. दिवा लावून ठेवला होता तिने, जावई शिफ्टला गेलेला. सुपं बर्फाच्या पाण्याने ओली होती, ती तिने पदराने पुसली. गौरीला वडे-मटणाचा नैवेद्य दाखवला. "माज्या हातात सूप देताना रडली गो," मामा म्हणाले, आणि मग लगेच कांद्यांकडे वळले.

थोड्या वेळाने त्यांनी गाठोडं सोडलं. आत वड्यांचा डबा होता आणि एक सूप. ते त्यांनी चाचांपुढे धरलं.

"ह्या काय?"

"लेकीनं दिलंय. वडीलधाऱ्याला द्यायचा असता."

"मला? मी काय तुझा व्याही?"

"माज्या नावानं नमाज पढलास ना? मग घे."

चाचांनी हात धुतले, पुसले, आणि दोन्ही हातांनी सूप घेतलं. मग लॉकरमधून अत्तराची एक कुपी आणून त्यात ठेवली. "पोरीला दे. सूप रिकामा नाही पाठवायचा."

तेवढ्यात मॅनेजर आले. त्यांनी सूप बघितलं, वडे बघितले. मला वाटलं, आता होणार. मी तयार होते, माझ्याकडे सगळं पत्रक तोंडपाठ होतं. पण ते मलाच म्हणाले, "बोर्ड नीट गुंडाळून ठेव. पुढच्या वर्षी लागतील. आणि केक कापायला आधीच माणूस ठरव. प्रेयरला न जाणारा."

"मामा प्रेयरला जात नाहीत, सर."

"माहितीये मला," ते म्हणाले, आणि जाता जाता डब्यातला एक वडा उचलून गेले.

ते गेल्यावर मी म्हटलं, बदली बंदची नोटीस अजून दारावर आहे. ईदला काय करणार?

मामांनी नोटिशीकडे बघितलं. मग चाचांकडे. "ईदला हा सत्यनारायणाला गेलेला असेल," ते म्हणाले. "पूजा मोठी असते. येळ लागतो."