टेबल कुणाच्या नावानं

"हातमोजे घाल आधी."

विराजदादा एवढंच बोलला. हसत हसत बोलला. परभणीचं मंगल कार्यालय, शनिवारची सकाळ, टेबलाभोवती पन्नासेक माणसं. मी टेबलावरचा सरदार, लोखंडी शिपायाचं खेळणं, उचलायला हात पुढं केला होता. ऐकल्याबरोबर खिशातून पांढरे हातमोजे काढले आन् घालायला लागलो. मला राग आला न्हाई. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. एवढ्या लोकांत आपल्याला कामाची रीत ठाऊक हाय हे दिसायलंय, असं वाटलं.

तेवढ्यात एक पोरगी आली. आठ-नऊ वर्षांची. एका हातात अर्धा खाल्लेला समोसा. दुसऱ्या हातानं तिनं सरदार उचलला, त्याचा उजवा हात वरखाली केला, तलवार ओढून बघितली.

"आवडला का बेटा? बघ, बघ, खुशाल बघ," विराजदादा म्हणला.

माझा डावा मोजा घालून झालेला. उजवा अर्ध्यात. मी तसाच थांबलो. मंग हॉलभर नजर फिरवली. तीसेक टेबलं होती. पुण्याचे लोक, नांदेडचे, हैदराबादचे. सगळे खेळणी उचलायलेत, उलटी करून तळवा बघायलेत, एकमेकांच्या हातात द्यायलेत. उघड्या हातानं. वट्टात, सगळ्या हॉलमधी, एकाच माणसाच्या हातात मोजे होते. तो मी.

हे काय चाललं होतं ते सांगतो. आमच्या लहानपणी टीव्हीवर एक कार्टून लागायचं, फौलादी पलटन. लोखंडाचे शिपाई, कुणी ट्रॅक्टर होतोय, कुणी इंजन होतोय. सगळ्यात मोठा तो सरदार. त्या शिपायांची खेळणी निघाली होती. आता तीच लेकरं मोठी झाली, पैसेवाली झाली, आन् जुनी खेळणी गोळा करायला लागली. वर्षातून एकदा शनिवार-रविवार त्यांचा मेळावा भरतो. चाळिशीची माणसं पुठ्ठ्याचं चिलखत घालून फिरतात. कार्टूनचं गाणं लागलं की डोळे पुसतात. स्टेजवर कापडी फलक होता, कार्टूनमधलीच घोषणा: पलटन में कोई छोटा नहीं.

मी बी त्या कार्टूनचा वेडा. आमच्या विहारात वर्गणीचा टीव्ही होता. रविवारी वंदना झाली की मोठी माणसं बाहेर बसायची आन् आमी पोरं पलटन बघायचो. खेळणं घ्यायची ऐपत न्हाई, म्हणून मी चिखलाचे शिपाई करायचो. पुढं मानवतला कापसाच्या जिनिंगमधी कामाला लागलो. हंगाम संपला की एका पेंटरकडं पाट्या रंगवायचो. तिथं हात बसला. एकदा भंगारात हात तुटलेला शिपाई मिळाला. पुट्टी मळून तेला नवा हात केला, रंग दिला आन् फोटो मोबाईलवरच्या पलटनवाल्यांच्या ग्रुपात टाकला.

विराजदादाचा फोन आला. "अरे, तू तर आपल्याच गावचा की!"

तो आमच्या गावच्या मोठ्या शेतकऱ्याचा लेक. त्यांचा परभणीत बंगला. माझी माय तवा त्यांच्याच रानात कापूस वेचायची. तवापासून चार वर्षं तो मोडकी खेळणी खोक्यात घालून परभणीहून एसटीनं मानवतला पाठवायचा. मी दुरुस्त करून परत पाठवायचो. पहिल्याच खोक्यात पांढऱ्या हातमोज्यांचे दोन जोड होते. फोनवर म्हणला, "संग्रहाच्या वस्तूला उघडा हात लावायचा नसतोय. घामानं रंग जातोय. जगात सगळीकडं हीच पद्धत हाय."

मी मानलं. का नसतं मानलं? शिकलेला माणूस, आपल्या गावचा, आपल्या कामाची कदर करायलाय.

चार वर्षं मी मोजे घालून काम केलं. मोज्यात बोटं नीट चालत न्हाईत. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून मोज्यातून घाम गळायचा. एकदा ब्लेडनं बोट कापलं तर मोजा रक्तानं भरला, पण म्या तो काढला न्हाई, त्याच्यावरच दुसरा चढवला. माय दर रविवारी मोजे धुऊन दोरीवर वाळत घालायची. मी गल्लीत सांगायचो, आपलं काम साधं न्हाई, मोजे घालून करायचं काम हाय. लय मिजास होती मला.

आन् एक गोष्ट हाय, ती बी सांगायलाच पाहिजे. एकदा माय रानातून आली. सरदार खाटेवर वाळायला ठेवलेला. कोंबड्या पाडतील म्हणून ती तेला उचलून फळीवर ठेवायला गेली.

मी वरडलो, "हात लावू नको त्याला! तुझा हात लागल तेला!"

मायनं हात मागं घेतला. पदराला पुसला. चुलीकडं गेली. माझ्या घरात, माझ्या मायला, मी म्हणलो हे. तिच्या हाताचा विटाळ म्या मानला. जे गावानं केलं ते लेकानं केलं, पांढरे मोजे घालून.

हे सगळं मला तिथं, त्या हॉलमधी, अर्धा मोजा घातलेला असताना कळलं.

विराजदादाला बाजूला घेतलं. इचारलं, "दादा, मोजे मलाच कामून?"

"अरे, तसं काई न्हाई."

"मंग कसं हाय?"

तो अजून बी हसतच होता. आवाज खाली केला. "अरे, माझं कपाट देवघराला लागून हाय. आईला चालत न्हाई. तू हात लावलेलं असलं की ती गोमूत्र शिंपडून पुसून घेती, रंग खराब होतोय. मोजे असले की तिला पुसावं लागत न्हाई. मी तर असलं काई मानतच न्हाई रे, तुला तर माहिती हाय."

"तुला तर माहिती हाय" म्हणला. मला माहिती न्हवतं. चार वर्षं मला माहिती न्हवतं, ह्याचीच लाज जास्ती वाटली.

तरी बी मी निघून गेलो न्हाई. कारण सांगतो. ह्या वर्षी टेबल माझ्या नावानं लावतो, असं तेनं कबूल केलं होतं. तेच्यासाठी मी सहा महिने राबलो होतो. केळीच्या खोक्यात माझे स्वतःचे बारा शिपाई घेऊन आलो होतो. पत्र्याची पाटी आणली होती, तिच्यावर माझं नाव, माझ्या हातानं रंगवलेलं. बाहेरगावच्या लोकांनी नाव वाचलं असतं, मला थेट काम मिळालं असतं. जिनिंग बंद झाली की मी कुणीच नसतो, तसं राहिलं नसतं. पण टेबलावर विराजदादाच्याच नावाचा फलक होता. माझं खोकं टेबलाखाली आन् पाटी भिंतीकडं तोंड करून. "आधी परीक्षक येऊन जाऊ दे, मंग तुझी पाटी लावू," असं तो सकाळीच म्हणला होता.

परीक्षक आल्या. हैदराबादच्या साठीच्या बाई, जाड चष्मा. दुरुस्तीचं बक्षीस कुणाला द्यायचं ते त्यांच्या हातात. त्यांनी सरदार उचलला, त्याचा उजवा हात तीनदा फिरवून बघितला.

"ये कंधा किसने बिठाया? इस सरदार का कंधा तो टिकताच नहीं."

"मैंनेही, मॅडम," विराजदादा म्हणला. "हौस है अपनी."

"कैसे बिठाया?"

तो अडखळला. "चिपका दिया."

"चिपकाया तो घूमता कैसे?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाई, मैंने बिठाया. अंदर पेन की स्प्रिंग है."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. विराजदादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मालक जनावरावर ठेवतो तसा. "घर का आदमी है, मॅडम. साफसफाई करता."

साफसफाई!

आठ दिवस लागले होते मला त्या खांद्याला. सहा स्प्रिंगा फेकल्या, सातवी बसली. सगळ्या जगात त्या खांद्यात काय हाय ते फक्त मला ठाऊक.

"खोल के देखो," मी म्हणलो.

"येडा झालास का? खोललं तर तेची काय किंमत ऱ्हाईल?"

मी सरदाराकडं हात नेला. मोजे कवाच खाली पडले होते.

"हात लावू नको त्याला!" विराजदादा वरडला.

माझेच शब्द. मायला म्हणलेले. मंग मला थांबता आलं न्हाई. म्या सरदार उचलला आन् त्याच्या बगलेत पुट्टीखाली लपवलेल्या सांध्यावर अंगठा दाबला. कट्ट आवाज झाला. खांदा निघाला, रंगाचा टवका उडाला, स्प्रिंग उडून टेबलक्लॉथवर पडली. माझं सगळ्यात चांगलं काम. म्याच मोडलं. दुसरा पुरावा न्हवता माझ्याजवळ.

बाईंनी स्प्रिंग उचलली. चष्मा वर करून बघितली. "काम तो आपकाच है," हळूच म्हणल्या. मला वाटलं, झालं! आता तरी झालं.

पण मेळाव्याचे संयोजक धावत आले. त्यांच्या वहीत नाव विराजदादाचं. नोंदणी तेची, टेबल तेचं, खेळणं तेचं. बाई म्हणल्या, "कायदे के बाहर मैं नहीं जा सकती, बेटा." संयोजकांनी माझ्या दंडाला धरलं. "कार्यक्रम खराब करू नका. लहान लेकरं हायेत इथं." माझं खोकं आन् पाटी माझ्या हातात दिली आन् मला दाराबाहेर सोडलं.

एसटीनं घरी आलो. माय अंगणात तांदूळ निवडायलेली. मी तिच्याम्होरं बसलो आन् सगळं सांगितलं. मोज्यांचं, देवघराचं, गोमूत्राचं. मला वाटलं ती शिव्या घालंल. ती खडे काढत ऱ्हायली.

"मला पहिल्याच दिशी कळलं होतं," ती म्हणली.

"काय कळलं होतं?"

"मोजे कशाला दिलेत ते. त्यांच्या घरचं अंगण-गोठा झाडलेली बाई हाय मी."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तू लय खूश होतास, बाबा."

मी रडलो. मोठ्यानं रडलो, गल्लीतली माणसं दारात आली तरी रडलो. चार वर्षं ही बाई दर रविवारी ते मोजे धुवायली, सगळं ठाऊक असून. म्या वरडल्यावर हात पदराला पुसला, तवा बी तिला ठाऊक होतं. मी म्हणलो, "माय, म्या तुला तसं बोलायला नको होतं." ती म्हणली, "जाऊ दे." तेवढंच. ती माफ करायली का निसती दमली होती, ते मला आज बी सांगता यायचं न्हाई.

रविवारी परत परभणीला गेलो. माय म्हणत होती, "जाऊ नको, मारतील." तिकीट काढून आत गेलो आन् मागच्या खुर्चीवर बसलो. दुरुस्तीचं बक्षीस विराजदादालाच मिळालं, दुसऱ्या एका शिपायासाठी. तो बी म्याच केलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं खुर्ची उचलून फेकावी. वाटलं पळून जावं, पार मुंबई-पुण्याला जावं, कुणाला तोंड दाखवू न्हाई. छातीत नुसती आग. बसून ऱ्हायलो.

माणसं पांगली तवा संयोजकाच्या टेबलाशी गेलो.

"पुढच्या वर्षी टेबल पाहिजे मला. फॉर्म द्या."

"विराजदादाच्या मार्फत येत जा ना."

"न्हाई. माझ्या नावानं."

"पुढच्या वर्षीचा फॉर्म अजून छापला न्हाई हो."

"मंग कोऱ्या कागदावर घ्या."

तिथंच उभं राहून अर्ज लिहिला. पूर्ण नाव. बापाचं नाव. आडनाव. गाव, आन् गावातली वस्ती सुद्धा. अक्षर पाटीवरच्यावानी ठळक काढलं. अर्जाची पोच मागितली. "पोच कशाला, आपण घरचीच माणसं," ते म्हणले. मी म्हणलो, "मी कुणाच्या घरचा न्हाई. पोच द्या." पाऊण तास उभा ऱ्हायलो. शेवटी वैतागून त्यांनी सही केली.

त्यानंतर विराजदादाची दोन खोकी आली. मानवतच्या स्टँडवरूनच परत लावली, न उघडता. माय रानात जाती, पण त्यांच्या न्हाई. त्यांच्या रानातनं नाव कमी झालं तिचं. घरात चणचण हाय, लय हाय. गावात लोक म्हणायलेत, खेळण्यापायी एवढं करतात का? खेळण्यापायी न्हाई केलं म्या.

अर्जाला उत्तर आलं न्हाई. मी दर महिन्याला परभणीला जातो, पोच दाखवतो, इचारतो. ते म्हणतात, बघू. तोंडी सांगतात, हसून सांगतात, विराजदादावानीच. मी त्यांना सांगून आलोय: टेबल द्यायचं असलं तर द्या, न्हाई द्यायचं तर कागदावर न्हाई म्हणा, कारण लिहा आन् खाली सही करा. ते कारण कुणाचा हात लिहितो, ते बघितल्याबिगर मी हटणार न्हाई.