लिंबोणीचा काटा

महाशिवरात्र झाली की थंडी शिव शिव करत निघून जाते म्हणतात. कळंबला आमच्या घरी ती जायच्या आधीच परसातली कामं निघत. लिंबोणीच्या वाळलेल्या फांद्या छाटायच्या, झाडांभोवती खणून शेणखत घालायचं, भेंडी-गवारीसाठी वाफे करायचे. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी बारामतीची, त्यामुळे सासरच्यांच्या मते मला शेतातलं काही येत नव्हतं. ते खरंच होतं, पण दुसऱ्यानं म्हटलेलं मला खपत नसे.

त्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, लिंबोणी छाटली. मी फांद्या ओढून बाहेर टाकत होते. लिंबोणीचे काटे कुणाला सोडत नाहीत. आम्हा दोघांच्याही हातांवर ओरखडे उठले होते.

दुपारी शेणखताची ट्रॉली रानात रिकामी करायची होती. ट्रॅक्टरवरचा दांडा वर घेतला की तेलाच्या जोरावर ट्रॉली पुढून उचलली जाई आणि खत मागं घसरून पडे. त्या दिवशी ती हातभर उचलली आणि बसली. तेलाचा पाइप कुठंतरी फाटला होता. नवा पाइप घेणं आबांच्या स्वभावातच नव्हतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली की जगातला कुठलाही पाइप नीट होतो, असं त्यांचं मत होतं. आमच्या पाइपावर अशा तीन पट्ट्या आधीच होत्या.

नवरा कारखान्यात पाळीवर गेलेला. म्हणून आबांनी मला सीटवर बसवलं. "म्या सांगितल्याबिगर दांड्याला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. इंजिन चालू होतं. ते वाकून, पाइपावरून हात फिरवत, ओल कुठं लागते ते चाचपत होते. मला सीटवर बसून अगदी कामाचं माणूस झाल्यासारखं वाटत होतं. मी ओरडून विचारलं, "घेऊ का वर?" त्यांनी मान हलवली असं मला वाटलं. मी दांडा वर घेतला.

आबांनी हात झटकला. मी घाईघाईनं दांडा खाली केला आणि उतरून गेले. डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर सुईच्या टोकाएवढा ठिपका होता. रक्तसुद्धा नव्हतं.

"काय झालं?"

"काय न्हाय. सकाळचा काटा सलला."

मला ते लगेच पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं.

रात्री बोट सुजून टणक झालं. सासूबाईंनी हळद लावली आणि म्हणाल्या, "डाक्टरकडं जावा. काट्याचा नायटा हुईल." आबांनी त्यांना उडवून लावलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला? सकाळी सूनबाय माहेरी निघालीच हाय, पाइप संगं दे. तेवढा नीट झाला म्हंजी झालं."

सकाळच्या एसटीनं मी पाइप पिशवीत घालून बारामतीला गेले. भिगवण रोडला एक मिस्त्री पाइपाला नवी तोंडं दाबून बसवून देत. त्यांनी पाइप हातात घेतला, पट्ट्या पाहून हसले आणि विचारलं, "भोक बारीक हाय. कसं सापडलं?"

"आमच्या आबांनी हातानं चाचपून काढलं," मी जरा ऐटीतच सांगितलं.

ते हसायचे थांबले. "इंजिन चालू असताना?"

"हो."

"हाताला काय झालंय का त्यांच्या?"

मी लिंबोणीच्या काट्याचं सांगितलं. त्यांनी पाइप खाली ठेवला. "ताई, तो काटा न्हाय. या भोकातनं तेल सुईगत निघतं आन् कातडीच्या आत घुसतं. वरनं काय दिसत न्हाय, आतनं मांस सडतं. आमी पुठ्ठा धरून बघतो, हात कधी लावत न्हाय. डाळजच्या एका ड्रायव्हरचा पंजा गेलाय असा. आजच्या आज डॉक्टर गाठा."

शेजारच्या बूथवरून मी गावातल्या डेअरीत फोन लावला. आबांना बोलवायला माणूस गेला. ते येईपर्यंत मी विचार करत उभी होते. डॉक्टरचं नाव काढलं तर हा माणूस हलणार नाही. पाइपासाठी मात्र येईल.

"आबा, पाइपाचं माप जुळत नाही. मिस्त्री म्हणतात, मालकच लागतील. लगेच या."

ते एवढंच म्हणाले, "येतू."

दुपारच्या आत ते स्टँडवर उतरले. हात उपरण्यात गुंडाळलेला. मी त्यांना थेट दवाखान्यात नेलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण मुकाट आले.

डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं. मी मिस्त्रींचं म्हणणं सांगितलं. डॉक्टर आबांना म्हणाले, "काटा असेल तर गोळ्या देऊन घरी पाठवतो. तेल असेल तर बोट आत्ता चिरावं लागेल, नाहीतर हात जाईल. तुम्हीच सांगा, कशानं झालं?"

"काटाच हाय," आबा म्हणाले. "लिंबोणी छाटत हुतो. सूनबाय बी हुती तितं."

ते माझ्याकडं बघत नव्हते. तेव्हा मला कळलं की त्यांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. तेल म्हटलं की पुढचा प्रश्न दांड्यावर कोण होतं हाच. मला भीती वाटली, आणि लाजही वाटली, कारण गप्प बसायचा मोह मला झाला होता. सासऱ्यांसमोर मी तोवर मोठ्यानं बोलले नव्हते.

"डॉक्टर, तेलच आहे," मी म्हणाले. "दांडा मी वर घेतला. त्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं."

आबांनी मान खाली घातली. "व्हय," ते म्हणाले. "तेलच हाय. पर पोरीची चूक न्हाय. मान म्याच हलवली आसंल."

बोटाची दोन पेरं गेली. हात वाचला. अजून एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कॉटवर पडल्या पडल्या आबांनी विचारलं, "पाइपाचं माप कुठं चुकलं हुतं गं?"

"चुकलं नव्हतं."

"ठावं हाय. सगळा पाइप तुझ्यापशी. मी काय मोजणार हुतो?"

"मग आलात कशाला?"

"फोनवर रडायला आलती तू," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

गावात कुणीही विचारलं की आबा उरलेलं बोट दाखवून सांगत, "लिंबोणीचा काटा." घरातही तेच. माझ्या नवऱ्यानं ते इतकं मनावर घेतलं की कुऱ्हाड घेऊन झाडापाशी गेला. "झाडानं काय केलंय तुझं?" म्हणून आबांनी त्याला परत पाठवलं. बायका मात्र त्या झाडाला वाईट म्हणायला लागल्या. हळदीकुंकवाला आलेल्या असल्या तरी आमची लिंबं कुणी नेत नसे. मी ऐकून घेई. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा आबांनी चहा टाकायला आत पाठवलं.

पुढच्या वर्षी शिवरात्रीच्या सुमारास मी परसातल्या झाडांना खत घातलं. प्रत्येकाला एक पाटी, लिंबोणीला दोन. आबा ओट्यावरून बघत होते. त्याच्या पुढच्या वर्षी मी फावडं घेऊन गेले, तर लिंबोणीपाशी दोन पाट्या आधीच भरून ठेवलेल्या होत्या.