दोरा तुटलेला मासा

आमच्या ह्यांना धक्क्यावर दोरासाहेब म्हणतात. तोंडावर 'साहेब', पाठीमागे 'दोरा'. नदीकाठच्या धक्क्यावर मासे तपासायचं काम त्यांचं, आणि त्यांच्या टेबलाला लागूनच माझं बर्फाचं दुकान. म्हणजे घरीही हेच समोर आणि कामावरही हेच. माझ्या नशिबात सुट्टी नाही.

आमच्या नदीत दोन चंदेरी मासे मिळतात, सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे. दोघांच्या कल्ल्यामागे काळा ठिपका, दोघांचं पोट करवतीसारखं. एक बारा महिने नदीतच राहतो, त्याला सगळे घरचा म्हणतात. दुसरा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत वर चढतो, तो पाहुणा. पाहुणा चढत असतो तेव्हा त्याला धरायला बंदी. जाळ्यात आलाच तर पाण्यात सोडून द्यायचा. ज्याच्या टोपलीत तो सापडेल त्याच्या होडीच्या नाकावर तांबडा पट्टा मारतात. मग हंगाम संपेपर्यंत होडी खुंट्याला.

ओळखायचं कसं? घरच्याच्या पाठीवर जो पर असतो, त्याचा शेवटचा काटा दोऱ्यासारखा लांब वाढलेला असतो. पाहुण्याला दोरा नाही. शिवाय घरच्याचं नाक बोथट आणि तोंड त्याखाली दडलेलं, इवलंसं. पाहुण्याचं तोंड डोळ्याखालपर्यंत उघडतं आणि वरच्या जबड्याला मधोमध खाच असते. दोन्ही खुणा बघायच्या असा नियम आहे. पण तोंड बघायचं म्हणजे चष्मा लावायचा आणि वाकायचं, आणि यातलं एकही ह्यांना चारचौघांत जमत नव्हतं. पाठीवरून बोट फिरवलं की लगेच निकाल. "दोरा आहे, घरचा!" नाहीतर "दोरा नाही, पाहुणा!" आवाज असा, की मी बर्फ फोडता फोडता दचकायची. मला त्या आवाजाचा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू?

रुमालवाली म्हणून एक बाई आहे. डोक्याला कायम रुमाल, बोलणं मोजकं, होडी एकटीच चालवते. घरात म्हातारी आई आणि ती. तिनं बारीक नायलॉनचं नवं जाळं आणलं होतं. त्या दिवशी ह्यांनी तिच्या टोपलीतला एक मासा उचलला, बोट फिरवलं आणि ओरडले, "दोरा नाही, पाहुणा!"

"साहेब, तोंड बघा की एकदा," ती म्हणाली.

"आता तू मला मासे ओळखायला शिकवणार?"

आसपासची माणसं हसली. दुपारपर्यंत तिच्या होडीला पट्टा लागला, आणि पुरावा म्हणून तो मासा फडक्यात गुंडाळून माझ्या बर्फाच्या पेटीत आला.

तसलंच जाळं मग आणखी एकानं आणलं. त्याच्या टोपलीतल्या एका माशाचा दोरा अर्ध्यात तुटलेला होता, टोक लोंबत होतं. ह्यांचं बोट त्या टोकाशी अडलं. निकाल काही ऐकू येईना, म्हणून मी मान वर केली. हे टेबल सोडून माझ्याकडेच येत होते. न विचारता पेटी उघडली, फडकं सोडलं, खिशातून चष्मा काढला आणि अंगठ्यानं रुमालवालीच्या माशाचं तोंड उघडलं. बोथट नाक, इवलंसं तोंड. ते मलाही दिसलं. ह्यांचे कान लाल झाले. त्यांनी मासा पुन्हा गुंडाळला आणि वर ओंजळी ओंजळीनं बर्फ घातला, पुरल्यासारखा.

मला वाटलं, उद्या सांगतील. उद्या झाला, परवा झाला. घरी जेवताना घास तोंडात घोळवत बसायचे. नदीकाठचा सरळ रस्ता सोडून गॅरेजमागच्या चिखलातून घरी यायला लागले, कारण सरळ रस्त्यावर तिची होडी बांधलेली होती आणि पायरीवर बसून ती दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करत असायची. ती माझ्याकडे बघून मान हलवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चूक ह्यांची, पण तिच्यासमोर मान वर करायची माझीही सोय उरली नव्हती.

शेवटी मीच विषय काढला. "अहो, कधी सांगणार?"

"काय तोंडानं सांगू?" ते भिंतीकडे बघत म्हणाले. "सगळ्यांसमोर तिला बोललो मी. आता सगळे थुंकतील माझ्यावर."

"मग तो मासा उचला माझ्या पेटीतून. माझ्या बर्फात असली पापं ठेवायची नाहीत."

सकाळी ते माझ्याआधी धक्क्यावर पोचले होते. होड्या लागल्या, टोपल्या उतरल्या, रुमालवालीही पायरीवर होती. ह्यांनी तो मासा टेबलावर ठेवला आणि पुटपुटले, "हा... घरचा होता."

"काय? मोठ्यानं सांगा की, साहेब!" मागून कुणीतरी ओरडलं. ह्यांच्या त्याच आवाजाची नक्कल होती ती.

"हा घरचा होता! जाळ्यात दोरा तुटला. मी तोंड बघितलं नाही. चूक माझी आहे!" आवाज मधेच फाटला. या वेळी कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मी उगाचच बर्फ फोडत राहिले.

रुमालवाली उठून आली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. "पट्टा तुम्हीच काढा," एवढंच म्हणाली. हे गुडघ्यावर बसून पत्र्याच्या तुकड्यानं रंग खरवडत राहिले. जो येईल तो जरा थांबून बघायचा आणि जायचा. पट्टा गेला, पण लाकडावर फिकट डाग राहिला. तो आजही दिसतो.

दुसऱ्या दिवशी ती पहिली टोपली घेऊन आली. तिनं स्वतःच एक मासा उचलला. त्याचा दोरा चांगला बोटभर होता, लांबूनही दिसत होता. तरी तिनं अंगठ्यानं त्याचं तोंड उघडलं आणि ह्यांच्यासमोर धरलं.

"सावकाश बघा, साहेब. मला घाई नाही."

टोमणा असता तर बरं झालं असतं. आवाजात टोमणा नव्हता, म्हाताऱ्या आईला औषधाची बाटली दाखवावी तशी ती दाखवत होती. ह्यांनी चष्मा लावला, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"घरचा," ते म्हणाले. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. मोठ्यानं सांगा, असं कुणी म्हणालं नाही.