काळ्या दोऱ्याचे दोन टाके

माझं केळफूल माझं नाही, असं मला एका सकाळी चहा पिताना कळवण्यात आलं.

मी नांदेडला घरी बसून भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइन तयार करते. आधी कागदावर चित्र काढायचं, मग संगणकावर एकेक टाका कुठून कुठे जाईल ते ठरवायचं आणि त्याची फाईल करायची. आमच्या धंद्यात याला पंचिंग म्हणतात. ती फाईल मशीनमध्ये घातली की चित्र ब्लाउजच्या बाहीवर जसंच्या तसं उतरतं. माझ्या फायली एका साइटवर विकायला असतात. त्या सकाळी साइटवाल्यांचा ईमेल आला: तुमची सहा डिझाइन काढून टाकली आहेत, कारण त्यांच्या मूळ मालकाने तक्रार केली आहे. सात दिवसांत पुरावा द्या, नाहीतर तुमचं खातं कायमचं बंद होईल.

मूळ मालक म्हणे! लातूरच्या एका दुकानदाराने माझ्या सहा फायली कुठल्यातरी ग्रुपवरून फुकटात उचलल्या, स्वतःच्या नावाने त्याच साइटवर चढवल्या आणि वर माझ्याविरुद्ध तक्रार ठोकली. 'चोराच्या उलट्या बोंबा' या म्हणीचा वाक्यात उपयोग मी शाळेत करून दाखवला होता. पुढे कधी तिचा उपयोग माझ्यावरच होईल, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

पाच डिझाइनचं एकवेळ मी सहन केलं असतं. सहावं केळफूल होतं. माझं माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागांतलं. केळफुलाची जांभळी पाकळी उचलली जाते, तिची कड मागे वळते आणि खाली पिवळट फुलांची ओळ दिसते, हे मी कळायला लागल्यापासून बघत आलेय. ती वळलेली कड टाक्यांत पकडायला मला तीन आठवडे लागले. दरवेळी मशीन नेमकं तिथेच दोरा तोडायचं. शेवटी जमलं तेव्हा मी एकटीच खुर्चीत बसून रडले होते. आणि या माणसाने त्याचं नाव ठेवलं होतं 'शाही कमळ'.

मी साइटला कागदावरची चित्रं पाठवली, फायलींच्या तारखा पाठवल्या. उत्तर आलं की समोरच्यानेही चित्रं आणि तारखा पाठवल्या आहेत. कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चित्र काढलंत त्या क्षणी हक्क तुमचा झाला. पण तो तुमचा आहे हे दाखवायचं कशावरून?" शेजारणीने वेगळाच सल्ला दिला. "इंटरनेटवर टाकलं म्हंजे समद्यांचंच झालं की. चार फुलं तर हायत, दुसरी काढा." अंगणातली तुळस कुणी उपटून नेली तर ही बाई गल्ली डोक्यावर घेईल. पण माझी फुलं स्क्रीनवरची, म्हणून ती फुकटची.

चौथ्या दिवशी मी सकाळची एसटी पकडून लातूरला निघाले. पिशवीत एक ब्लाउजपीस होता, आणि भांडायचं होतं, याखेरीज काहीही ठरलेलं नव्हतं. रस्ताभर मी मनातल्या मनात तालीम केली. अहमदपूर येईपर्यंत दुकानदार माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला होता, आणि लातूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा मी त्याला जवळजवळ माफही केलं होतं.

प्रत्यक्षात दुकानदार चांगला गोड निघाला. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. चहा पाजणाऱ्याशी भांडण कसं सुरू करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी गुमान ब्लाउजपीस काढला आणि त्याच्या नमुन्यांच्या अल्बममधल्या केळफुलावर बोट ठेवलं.

"ही आमची स्पेशल हाय, ताई," तो म्हणाला.

"कुणी काढली, भाऊ?"

"मीच की."

"कशाचं फूल आहे हे?"

"कमळाचं. नीट बघा ना, पाकळ्या कशा हायत."

मी नीट बघितलं. मग 'हेच काढून द्या' म्हणत ब्लाउजपीस पुढे केला. मला ते आधी उमटताना बघायचं होतं.

मशीनवर चाळिशीची एक बाई होती. तिने कापड फ्रेममध्ये ताणून बसवलं, सुयांना रंगांचे दोरे लावले आणि मशीन सुरू केलं. हिरवा देठ आला, जांभळी पाकळी आली, वळलेली कड आली. दोरा तुटला नाही. तीन आठवड्यांची माझी मेहनत परक्याच्या दुकानात विनातक्रार चालली होती. पिवळी फुलं झाली आणि मशीन थांबलं. मला वाटलं, संपलं.

"न्हाई, अजून हाय," ती बाई वैतागून म्हणाली. "ही फाईलच खराब हाय. समदं झाल्यावर खाली कोपऱ्यात दोन टाक्यांसाठी अजून एक रंग मागती. आमी तर ते टाके सोडूनच देतो."

मी खुर्चीवरून उठलेच.

ते दोन टाके मी केव्हाच विसरले होते. माझी माय गोधड्या शिवते. प्रत्येक गोधडी पुरी झाली की डाव्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचे दोन टाके घालते, एकावर एक, फुलीसारखे. गोधडीचं गालबोट. चांगल्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून. केळफूल पहिल्यांदा स्क्रीनवर दाखवलं तेव्हा तिने कौतुकाचा एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "गालबोट कुठंय?" तिच्या समाधानासाठी मी डावीकडे खाली ते दोन टाके घातले. पण तेवढ्यासाठी मशीन थांबतं, रंग मागतं. गिऱ्हाईकं तक्रारी करायला लागली, मॅडम, तुमच्या फाईलमध्ये एरर आहे. मला लाज वाटली. पुढच्या डिझाइनमध्ये मी ते घातलंच नाही. माय बोलली तेव्हा मीच तिला सुनावलं, "हे संगणकाचं काम आहे, गोधडी नाही." केळफुलातलं तेवढं काढायचं राहून गेलं होतं.

"बाई," मी त्या मशीनवालीला म्हटलं, "सुईत काळा दोरा घाला आणि टाके सोडू नका." मी फोन काढला आणि व्हिडिओ सुरू केला. मशीनने दोनदा खट्‌खट्‌ केलं आणि कोपऱ्यात काळी फुली उमटली.

"भाऊ, डिझाइन तुमचं ना? मग हे दोन टाके कशाचे, सांगा."

"सॉफ्टवेअरची चूक असंल, ताई."

"ही चूक माझ्या आईची आहे. तिच्या प्रत्येक गोधडीवर आहे. आणि हे कमळ नाही, केळफूल आहे. माझं आहे. मी नांदेडहून आलेय, तुम्ही ज्या बाईची तक्रार केली ती मीच."

चहा आला तो तसाच टेबलावर राहिला. दुकानदार आधी हसला, मग आवाज चढवला, मग पुन्हा गोड झाला. "समदेच घेतात, ताई. आज मी तुमची घेतली, उद्या कुणी माझी घेईल."

"तुमची घ्यायला आधी तुमची असावी लागते," मी म्हटलं. तालमीतलं एकही वाक्य वापरलं नाही, पण हे बरं जमलं. मशीनवाली बाई खाली मान घालून कापडाचे दोरे कापत होती. कापड हातात देताना तिने हळूच माझा नंबर विचारला. मी तिच्याच वहीच्या कागदावर लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी अर्धापूरला जाऊन मायच्या सगळ्या गोधड्या पेटीतून काढल्या आणि कोपऱ्यांचे फोटो घेतले. एक गोधडी तर माझ्या बारशाची होती. माय बाजूला बसून बघत होती. सगळी हकीकत सांगितल्यावर तिने विचारलं, "आन् बाकीच्या पाचांचं काय?"

"त्यांना लावलं नव्हतं, माय."

"मग त्यांना कोण वळखील?" ती म्हणाली आणि गोधड्यांच्या घड्या घालायला लागली. तिने मला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

व्हिडिओ आणि फोटो पाठवले. साइटने केळफूल परत केलं, माझं खातंही शाबूत राहिलं. बाकीची पाच डिझाइन तेवढी गेली. ती आजही त्या माणसाच्या नावावर विकली जातात, आणि हे लिहितानाही माझे दात आवळले जातात. चोरलं त्याने, हे खरंच. पण त्यांची ओळख पुसून त्यांना रस्त्यावर सोडलं होतं मी. गिऱ्हाइकाला दोन टाके खुपतात म्हणून.

आता मी प्रत्येक फाईलमध्ये गालबोट घालते. जुन्या सगळ्या उघडून त्यांतही घातलं. डिझाइनच्या खाली लिहून ठेवलंय: शेवटचे दोन टाके काळ्या दोऱ्याने घालावेत, ही चूक नाही. ज्यांना खटकतं ते दुसरीकडे जातात. जाऊ देत. अजूनही चोऱ्या होतात, होणारच. मी तक्रारी करते. कधी जिंकते, कधी साइटवाले उत्तरच देत नाहीत. मी पुन्हा लिहिते. मला थकवायचं असेल तर त्यांना माझ्याहून जास्त वेळ बसावं लागेल, आणि बसायचं तर माझं कामच आहे.

गेल्या महिन्यात दुपारी एक अनोळखी नंबर आला. ती लातूरची मशीनवाली बाई होती. आता ती त्याच गल्लीत दुसऱ्या दुकानात कामाला आहे.

"ताई, आज मालकानं कुठून तरी एक नवी फाईल आणली. आंब्याच्या मोहोराची हाय. समदं झालं आन् मशीन काळा दोरा मागून राहिलं. म्हणलं, आधी तुमाला इचारावं. तुमची हाय का?"

मागे मशीन थांबलेलं होतं. तिने पुढचे टाके सोडले नव्हते.

"हाव," मी म्हटलं, "माझीच हाय."