रोवण्यात नेहमी, घरी कधीच नाही

आमच्या प्रशिक्षण केंद्रात प्रवेश हवा असेल तर आधी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात वीस वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्यापुढे चार चौकटी: नेहमी, बहुतेकदा, कधीकधी, कधीच नाही. एका चौकटीत खूण करायची; 'नेहमी'ला चार गुण, मग तीन, दोन, एक. 'मी माझी ध्येयं स्वतः ठरवतो/ठरवते.' 'ध्येयाच्या दिशेने झालेल्या प्रगतीचा मी नियमित मागोवा घेतो/घेते.' थंड खोलीत बसून कोणीतरी हे दुसऱ्या भाषेतून उतरवलंय, हे पहिल्याच ओळीत कळतं. आमच्या गोंदियात कोणी मागोवा घेत नाही. लोक पाहतात, विचारतात आणि तोंडावर सांगून टाकतात.

बेरीज पंचावन्नच्या वर गेली की त्या माणसात आत्मनियमन आहे असं ठरतं आणि त्याला रुग्णसेवेच्या वर्गात जागा मिळते. खाली राहिली तर तो घरी जातो. खुणा मोजायचं काम माझं.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीची. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सायकलने जाऊन-येऊन बी.ए. केलं, आणि हे मी भेटलेल्या माणसाला दोन मिनिटांच्या आत सांगते. कोणाला तो गर्व वाटला तर वाटू दे. ही नोकरी लागली तेव्हा मलाही हाच फॉर्म दिला होता. मी वीसही ठिकाणी 'नेहमी'वर खूण केली, वरून खाली, एका दमात. ऐंशीपैकी ऐंशी. सरांनी तो फॉर्म बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवला.

सर म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख, नागपूरचे. ध्येयनिश्चितीचा तास ते स्वतः घेतात. फळ्यावर शिडी काढतात आणि शिडीच्या टोकाला झेंडा. बोलताना मान वर करून बोलतात, कारण तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो आणि तो सांडू द्यायचा नसतो. दर सोमवारी त्यांचा खर्रा बंद होतो. मंगळवारी खिशातून खर्र्याची पन्नी डोकावते. "मन ताब्यात असलं की सगळं होतं, मॅडम," हे त्यांनी मला खिडकीतून थुंकून झाल्यावर सांगितलेलं आहे. अशा माणसाने दुसऱ्यांचा संयम चार चौकटींत मोजायचा आणि मी त्याची बेरीज करायची.

ती मुलगी मे महिन्याच्या शेवटी आली. सालेकशाच्या पुढच्या जंगलातल्या गावची, बारावी झालेली, एकोणीस-वीस वर्षांची. तेंदूपानाचा हंगाम संपवून सकाळच्या गाडीने आली होती. बाकीच्या पोरांनी पाच मिनिटांत फॉर्म दिला. तिने तासभर घेतला. हातात आला तेव्हा पाहिलं, तर जवळजवळ प्रत्येक ओळीत दोन-दोन, तीन-तीन खुणा. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते: हिला साधा फॉर्म भरता येत नाही, ही रुग्णाला गोळ्या काय देणार. फॉर्म मी बादच्या गठ्ठ्यात टाकणारच होते, तेवढ्यात खुणांच्या बाजूला बारीक, सुंदर अक्षर दिसलं.

'मी ठरवलेल्या वेळी उठतो/उठते.' तिने 'नेहमी'वर खूण करून लिहिलं होतं, मोहाफूल पडते तेव्हा. मग 'कधीकधी'वर, बाकी दिवस. 'हातातलं काम पूर्ण होईपर्यंत मी दुसऱ्या कामाकडे वळत नाही.' धानाच्या रोवण्यात नेहमी. घरी कधीच नाही, माय आवाज देते. 'आकर्षणांमुळे माझं लक्ष विचलित होत नाही.' मंडईच्या दिवशी होते.

मी तिला बोलावलं. "एका ओळीत एकच खूण करायची असते."

"काऊन जी?"

"तसा नियम आहे."

"पन मानूस बारा महिने एकसारखा कसा राहील? मोहाच्या दिवसांत अंधारात उठा लागते, नाई त ढोरं खाऊन टाकतात. बाकीच्या दिवशी माय पांघरून ओढते तवा उठनं होते."

"मग जे जास्त वेळा होतं त्यावर खूण कर."

"कोन मोजून राहिलं?" असं म्हणून तिने फॉर्म उलटापालटा केला. मग मान वर करून विचारलं, "तुमी काय भरलं होतं जी?"

"नेहमी."

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

ती हसली नाही. अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "मंडईले बी नाई जात काजी तुमी?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, पाहुण्यांनी घरं भरतात. आमच्या गावची मंडई मी जन्मात चुकवलेली नाही. नोकरी लागल्यापासून दरवर्षी त्या दिवशी मला ताप येतो, तसा अर्ज कार्यालयात आहे. हे तिला सांगायची गरज नव्हती. मी कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"मंग खोटं लिवू?"

"फॉर्म भर," मी म्हटलं.

या वेळी तिला एक मिनिट लागलं. वरून खाली खुणांची एक सरळ रेघ, ऐंशीपैकी ऐंशी. "असाच ना जी?" म्हणून तिने तो टेबलावर ठेवला. त्या 'जी'मध्ये पूर्ण मान होता आणि माझी काही किंमत नव्हती. सरांनी फॉर्म पाहिला आणि खूश झाले. "क्लॅरिटी बघा, मॅडम. अशी मुलं पाहिजेत." तिला जागा मिळाली. पहिला फॉर्म मी फाडला नाही, खणात ठेवला.

जुलैत ती यायची बंद झाली. आमचा नियम असा की सलग आठ दिवस गैरहजर राहिलं की नाव कापायचं. नवव्या दिवशी सरांनी मला हजेरीपट घेऊन बोलावलं.

"ऐंशी मार्कांची पोरगी आणि कमिटमेंट शून्य," ते म्हणाले. "फॉर्ममध्ये फसवलं हिने आपल्याला. नाव कापा."

मी गप्प बसले असते तर फक्त तिचं नाव गेलं असतं. मला कोणी काही विचारलं नसतं. तोंड उघडलं तर दुसरा फॉर्म मीच भरून घेतला हे बाहेर येणार होतं, आणि माझी नोकरी दरवर्षी नव्याने मंजूर होते. अर्धं मिनिट तरी मी नोकरीचाच विचार केला, हे कबूल करते. पण फसवलं हा शब्द काही गिळता येईना. त्यातही तो त्या तोंडातून आलेला. मी खण उघडला आणि पहिला फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

सरांनी तो हात लांब करून वाचला. चौदावी ओळ मीच बोटाने दाखवली. 'अडचण आली तरी मी गैरहजर राहत नाही.' पुढे तिच्या अक्षरात होतं: रोवण्याचे बारा दिवस येणार नाही. पाणी कमी पडलं तर दोन जास्त. मग नेहमी.

"हे आधी का नाही सांगितलं हिने?"

"सांगितलं होतं, सर. आपल्याकडे तेवढी चौकट नव्हती."

"आणि तुम्ही तिच्याकडून नवा भरून घेतला."

"हो."

"मग तुमच्या स्वतःच्या फॉर्मचं काय समजायचं आम्ही?"

"तोही तसाच आहे."

ते काहीतरी मोठं बोलणार होते, पण तोंड भरलेलं होतं. उठून खिडकीपर्यंत जावं लागलं. परत येईपर्यंत राग उतरला होता आणि हिशेबी डोकं चालू झालं होतं. त्यांनी पट मोजला. तिचं नाव कापलं असतं तर वर्ग किमान संख्येच्या खाली जात होता आणि वरच्या कार्यालयाने वर्गच बंद केला असता. त्यांनी नाव ठेवलं. त्याला कोणी माणुसकी म्हणू नये. मला लेखी समज मिळाली आणि तो फॉर्म कोणाला दाखवायचा नाही, अशी तोंडी ताकीद.

त्या वर्षी पाणी कमीच पडलं होतं. पंधराव्या दिवशी मी कुलूप काढायला गेले तर ती दाराशी बसलेली, पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, मांडीवर वही. "संपला रोवना," एवढंच म्हणाली. नाव कापायची गोष्ट निघाली होती हे मी तिला सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. पुढे तिने एकच दिवस चुकवला, मंडईचा. तोही लिहिलेलाच होता. वर्ग तिने पूर्ण केला.

यंदाही फॉर्म तोच आहे, शिडी तीच आहे, आणि सरांचा सोमवारही तोच आहे. कर्मचाऱ्यांचा वार्षिक फॉर्म आला तेव्हा मी वरून खाली 'नेहमी'च्या रेघेत खुणा करून दिल्या. मला नोकरी हवी आहे. रजेच्या अर्जावर मात्र यंदा ताप लिहिला नाही. कारण: मंडई, असं लिहिलं. सरांनी अजून त्यावर सही केलेली नाही.