साच्याशेजारचा नारळ

समुद्राजवळ पोलाद ओतायचं म्हणजे दमट हवेशी रोजचं भांडण. आमच्या कारखान्यात रेल्वेच्या रुळांसाठी पोलादाचे लांब ठोकळे ओतायला लागले आणि पहिलीच खेप नापास झाली. पृष्ठभागाखाली बारीक छिद्रं. साच्यातल्या वितळलेल्या पोलादावर एक पावडर टाकतात. ती आमच्याकडे पापडासारखी सादळायची आणि तिचा ओलावा पोलादात उतरायचा. दर्जा सांभाळणं माझं काम. रुळांचं काम गेलं असतं तर माझी बदली आतल्या कोरड्या मुलखातल्या कारखान्यात ठरलेली. मी मुरुडची. ताज्या मासळीवाचून मला घास उतरत नाही, हे मी साहेबांनाही सुनावलं होतं.

मी पावडर भट्टीत वाळवायला लावली, डब्यांना घट्ट झाकणं बसवून घेतली, सगळ्यांचं डोकं खाल्लं. ठोकळे सुधारले. पण सकाळचा पहिला ठोकळा मात्र हटकून छिद्रांचाच निघे. बाकीचे चोख! मी चिडून चिडून अर्धी झाले. सकाळी कुणी काही वेगळं करतं का, असं विचारलं की उत्तर एकच, "न्हाय मॅडम."

शेवटी एकदा सकाळी मीच साच्यापाशी जाऊन उभी राहिले. पोलाद यायचं होतं, पावडरीचा डबा उघडा होता. आमचे फोरमन माणगावकडचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि डब्याशेजारच्या लोखंडी कडेवर नारळ फोडला. निम्मं पाणी थेट पावडरीत.

"मामा!" मी अशी ओरडले की क्रेनवाला वरून डोकावला. "वेगळं काही करत नाही म्हणालात ना?"

"नारळ म्हंजे काय येगळं?" मामा खरोखरच चक्रावले. पहिली खेप नापास झाल्यापासून ते रोज फोडत होते, आणि नारळ फोडणं हे काम आहे असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना.

मी तो डबा बदलायला लावला आणि नारळाची रवानगी शेडबाहेरच्या पायरीवर केली.

"येवढ्या लांबून देवाला दिसंल?" मामांचा चेहरा पडला होता.

"दिसेल. चष्मा नाही लागला त्याला अजून."

पुढच्या खेपेचा निकाल आला. पहिला ठोकळासुद्धा चोख! रुळांचं काम राहिलं, मीही राहिले. सेफ्टी बूट घालून मी पायरीवर चक्क नाचले. मामांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"दिसलं म्हणायचं देवाला," मी चिडवलं. "रूळ पास झाले तुमचे."

"रुळांचं कुठं काय मागितलं व्हतं मी?" मामा म्हणाले. "तुमची बदली व्हऊ नये, येवढंच मागत व्हतो रोज."

माझे डोळे भरून आले. मग मी त्यांच्यावर आणखी एकदा ओरडले, दुसरं काही सुचेचना.